पुन्हा घडवून दाखवा

बायको : पाय काढा त्या ब्रेकवरून.

फौजी : ठेवलाच नाहीये.

बायको : मग गाडी काय आपोआप रडतखडत चालली आहे? अहो, ती शिकवणाऱ्याची बाजू आहे. रोज तिथे मी बसते. शिकाऊ माणूस चुकला तर दाबायला दिलाय तो ब्रेक, नवऱ्याला राग काढायला नाही.

फौजी : तू त्या ट्रकच्या फार जवळ गेलीस.

बायको : निम्म्या शहराला मी गाडी शिकवली आहे. मला शिकवू नका. तुमची स्कूटर गॅरेजात पडली आहे म्हणून ऑफिसला सोडायला निघालेय, परीक्षा द्यायला नाही.

फौजी : ऑफिसातही मला असाच ब्रेक दिलाय. दिलाय खरा, पण दाबला की सगळे अंगावर येतात.

बायको : आलं! कोपऱ्यावरचं वळण नाही घेतलं तोच आलं ऑफिस. बरं, बोला. आज सही करणार की नाही?

फौजी : नाही करणार.

बायको : काल 'बघू' म्हणत होतात.

फौजी : काल मला वाटलं होतं, सकाळपर्यंत कोणाला तरी शहाणपण सुचेल.

बायको : मला परत एकदा नीट सांगा. साध्या भाषेत. मी तुमची टीम नाही.

फौजी : अँब्युलन्ससाठी फोन आला, की आमचं अ‍ॅप जवळच्या दोन गाड्यांना एकदम खबर देतं. ज्या ड्रायव्हरने आधी 'घेतो' दाबलं, त्याची ती फेरी. दुसऱ्याच्या फोनवर येतं, 'दुसरी गाडी निघाली आहे'. तो मोकळा.

बायको : इथपर्यंत कळलं.

फौजी : आता समज, एक ड्रायव्हर भुयारी रस्त्यात आहे. तिथे नेटवर्क जातं. त्याने आतच 'घेतो' दाबलं. तेवढ्यात बाहेरच्यानेही दाबलं. आतला बाहेर आला, की दोघांच्याही फोनवर एकच मजकूर. 'दुसरी गाडी निघाली आहे.'

बायको : दोघांच्याही?

फौजी : माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चाचणीच्या दिवशी मी त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. तो म्हणाला, साहेब, दुसरा गेला, चला चहा घेऊ. मला चैन पडेना. मी दुसऱ्याला फोन लावला, कुठपर्यंत पोचलास म्हणून. तो आधीच चहा घेत होता.

बायको : अरे देवा. मग हे वर सांगा ना!

फौजी : सांगितलं. म्हणतात, पुन्हा घडवून दाखवा.

बायको : मग दाखवा.

फौजी : तूसुद्धा? टेबलाशी बसून नेटवर्क बंद-चालू, बंद-चालू करून बोटं झिजली माझी. टेबलावर घडत नाही ते. रस्त्यावर घडतं. आणि गाड्या पुन्हा मागितल्या तर म्हणे, अँब्युलन्स रुग्णांसाठी आहेत, तुमच्या हौसेसाठी नाहीत.

बायको : ओरडू नका, मी शेजारीच आहे. बरं, सही नाही केलीत तर बढतीचं काय?

फौजी : बढती कसली, हात बांधून वर बसवणं आहे ते. सोमवारी अ‍ॅप सुरू झालं, की मी 'तांत्रिक नेतृत्व'. काचेची वेगळी खोली. कोणी विचारलंच तर सल्ला द्यायचा. सहीचा अधिकार दुसऱ्याकडे.

बायको : निदान खुर्ची तरी बरी मिळेल. गुडघ्याला आराम.

फौजी : खुर्ची छान आहे, बघून आलो. चाकांची आहे. हवी तिकडे ढकलता येते.

बायको : हसू का रडू? अहो, सैन्यातून आलात तेव्हा माऊस कसा धरायचा तेही माहीत नव्हतं तुम्हाला. विशीतल्या मुलांच्या रांगेत जाऊन बसलात. ती चपला फटकारत यायची, तुम्ही बूट चकाकवून. 'फौजी' नाव त्यांनीच पाडलं ना?

फौजी : पाडू देत. पण जे त्यांना सापडायचं नाही ते मला सापडायचं. ती मुलं चालतंय का ते बघायची. मी कसं बंद पडेल ते बघायचो.

बायको : तेच म्हणतेय मी. इतकं सगळं करून वर आलात, आणि आता एका सहीवर घोडं अडवून बसायचं?

फौजी : सही म्हणजे काय असते गं? मी पाहिलं, मी तपासलं, माझ्या नावावर जाऊ द्या. ती काय दुकानाची पावती आहे?

बायको : फोन वाजतोय तुमचा.

फौजी : मॅडम आहेत. वाजू दे.

बायको : घ्या. पळून जाणारे नाहीत ना तुम्ही? आणि तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला आहे, जपून बोला.

फौजी : बोला, मॅडम.

मॅडम : गुड मॉर्निंग, सर! वाटेत आहात ना? अकराची मीटिंग अगदी छोटी ठेवू या. सगळं टिक झालंय, फक्त तुमची सही राहिलीय.

फौजी : आणि भुयारी रस्त्याचं?

मॅडम : ते क्लोज केलंय आपण.

फौजी : कोणी केलं?

मॅडम : टीमने. 'पुन्हा घडत नाही' असा शेरा आहे त्यावर. सर, एकदाच दिसलं ते. एकदाच! त्यासाठी सगळा प्रोजेक्ट थांबवायचा?

फौजी : मॅडम, मी सैन्यात पॅराशूट बांधायचो. माहीत आहे तुम्हाला.

मॅडम : हो, सर, सगळ्यांना माहीत आहे.

फौजी : एकदा एका जवानाचं उघडलं नाही. राखीव पॅराशूटवर वाचला बिचारा. त्या दिवशी बांधलेली खोलीतली सगळीच्या सगळी पॅराशूटं आम्ही सोडली आणि नव्याने घड्या घातल्या. त्या जवानाला कोणी असं नाही म्हटलं, की बाबा रे, जरा पुन्हा एकदा उडी मार, परत नाही उघडलं तर बघू.

मॅडम : तुमचे आर्मीचे किस्से खरंच इन्स्पायरिंग असतात, सर.

फौजी : किस्सा नाही सांगितला मी.

मॅडम : सर, रागावू नका. पण आता तुम्ही लीडर आहात, टेस्टर नाही. प्रत्येक गोष्टीत स्वतः स्क्रू घट्ट करत बसायचं नसतं आता. आणि खरं सांगू? मला तुमची शंकाच कळत नाही. अ‍ॅपच्या पहिल्या टप्प्यासाठी शहरातला स्वतःचा भाग तुम्हीच दिलात ना?

फौजी : मॅडम, आपण ऑफिसात बोलू.

मॅडम : नाही, चांगल्या अर्थाने म्हणतेय मी! बोर्डाला मी तेच सांगितलं. म्हटलं, आमचे टेस्टिंग हेड स्वतःच्या घरापासून सुरुवात करताहेत. त्यांच्याकडे आजारी सासरे आहेत, तरीही. याच्यापेक्षा मोठी गॅरंटी काय हवी? टाळ्या वाजल्या, सर.

बायको : काय म्हणाल्या त्या?

फौजी : पुढे बघ तू.

बायको : मी पुढेच बघतेय. कुठला भाग दिलात तुम्ही?

फौजी : गाडी बाजूला घे.

बायको : घेतली. बोला. आपला भाग दिलात? आपल्या घराचा?

मॅडम : मी नंतर फोन करू का?

बायको : नाही, तुम्ही थांबा. तुम्हीही ऐका. अहो, माझे बाबा आहेत त्या घरात. या वर्षात दोनदा अँब्युलन्स आली आपल्या दारात. दुसऱ्या वेळी ओठ निळे पडले होते त्यांचे. तुम्हीच धरून बसला होतात ना त्यांना? आणि तुम्हीच पत्ता देऊन आलात?

फौजी : ते मी भुयारी रस्त्याचं दिसायच्या आधी दिलं होतं.

बायको : आधी म्हणजे? तपासून व्हायच्या आधी?

फौजी : ऐकून तर घे. सैन्यात आमच्याकडे एक रीत होती. साहेब अचानक यायचे, रॅकवरच्या कुठल्याही एका पॅराशूटवर हात ठेवायचे. ते ज्याने बांधलं असेल, त्याने तेच पाठीला लावून उडी मारायची. त्यामुळे आमच्यातला एकसुद्धा माणूस कधी घाईत घडी घालत नसे. मला वाटलं, इथेही तसंच करावं. माझंच घर त्यात असलं, की माझी टीम आणि मी डोळ्यांत तेल घालून तपासू.

बायको : तेव्हा उडी कोण मारायचं?

फौजी : मीच.

बायको : आणि आता कोण मारणार?

फौजी : गाडी सुरू कर तू.

बायको : बोला ना. आता बाबा मारणार. घडी तुमची आणि उडी माझ्या बाबांची! त्यांना विचारलंत?

फौजी : नाही.

बायको : मला विचारलंत?

फौजी : नाही विचारलं. चुकलं माझं.

बायको : आणि मॅडम, तुम्ही. टाळ्या वाजल्या म्हणालात ना? माझ्या बापाच्या जिवावर वाजल्या त्या.

मॅडम : आय अ‍ॅम सॉरी. मला वाटलं, घरी माहीत असेल. हे बघा, यातून मार्ग आहे. तुमचा भाग मी यादीतून काढते. आत्ता, या मिनिटाला.

बायको : काढा.

मॅडम : काढला. मेल गेलासुद्धा. त्याऐवजी गिरणीमागची वस्ती घेते. दाट वस्ती आहे, फेऱ्या जास्त होतील, आपल्याला अंदाजही चांगला येईल. सर, आता तर प्रश्न मिटला ना?

फौजी : मिटला कुठे? दुसऱ्याच्या घरी गेला.

मॅडम : सर, प्लीज. माझाही जरा विचार करा. सोमवारपासून जुनी कंट्रोल रूम बंद होतेय. फोन लावून गाड्या पाठवणाऱ्या बायका होत्या ना तिथे, त्यांचा निरोपसमारंभसुद्धा झाला. आता मी कोणाच्या तोंडाने सांगू, की थांबा?

फौजी : माझ्या तोंडाने सांगा. माझं नाव घ्या.

मॅडम : तुमचं नाव घेऊन भागत नाही, सर. वर मलाच उभं राहावं लागतं. तुम्ही सही केली नाहीत, तर तुमच्या टीममधले चष्मेवाले करतील. सोमवारपासून तसाही अधिकार त्यांचाच आहे.

फौजी : चष्मेवाला? त्याला मी नोकरीला घेतलंय. मी शिकवलंय.

मॅडम : तेही तेच म्हणाले. म्हणाले, जे पुन्हा दाखवता येत नाही त्याची तक्रार लिहायची नाही, हे सरांनीच शिकवलंय.

फौजी : हो म्हणाला तो सहीला?

मॅडम : हो. अकराला भेटू, सर. तुम्ही असलात तर मला बरंच वाटेल. खरंच.

बायको : ठेवला त्यांनी.

फौजी : नवीन पोरं रोज उठून काहीबाही तक्रारी लिहायची, म्हणून बोललो होतो मी तसं. तेच नेमकं लक्षात ठेवलं गाढवाने! दुसरं इतकं शिकवलं, ते गेलं वाऱ्यावर.

बायको : डॅशबोर्डवर मुठी आपटू नका. गाडी शाळेची आहे.

फौजी : चल, निघ आता. सोड मला तिथे. नाही म्हणतो आणि येतो परत. दुपारी मी घरीच असेन बहुतेक.

बायको : गिरणीमागे आपलं कोणी राहतं?

फौजी : नाही.

बायको : लांबचंही कोणी नाही?

फौजी : नाही गं. का?

बायको : मी किती पटकन म्हटलं, काढा म्हणून. तोंडातून निघून गेलं. त्यांनी दुसऱ्या वस्तीचं नाव घेतलं, आणि अहो, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.

फौजी : तुझा काय दोष त्यात.

बायको : दोष सगळा तुमचाच आहे, त्याबद्दल मी घरी गेल्यावर बोलणारच आहे. सोडणार नाही. पण हे घडवून दाखवायचं होतं, तर मला का नाही सांगितलंत? तीन गाड्या आहेत माझ्या दारात. दिवसभर त्याच रस्त्याने फिरत असते मी.

फौजी : तुला सांगायचं म्हणजे आपला भाग दिलाय हेही सांगावं लागलं असतं.

बायको : धन्य आहे तुमची! शत्रूसमोर विमानातून उड्या मारल्या, आणि बायकोसमोर तोंड उघडवेना.

फौजी : शत्रू नंतर जेवायला वाढत नव्हता.

बायको : हसवू नका, मी चिडलेली आहे. ते ऑफिसचे दोन फोन बॅगेत आहेत का?

फौजी : आहेत. लॅपटॉपही आहे.

बायको : भुयारी रस्ता पुढच्या चौकात आहे. मीटिंगला अजून वेळ आहे. दोन फोन, दोन माणसं. करायचं काय, तेवढं सांगा.

फौजी : तू करशील?

बायको : प्रश्न विचारत बसलात तर नाही करणार.

फौजी : बरं, ऐक. मी अलीकडच्या तोंडाशी उतरतो. लॅपटॉपवरून खोटी फेरी टाकतो. तू एक फोन घेऊन आत जा, आणि अगदी मधोमध गेलीस की 'घेतो' दाब. मी बाहेर माझ्याकडचा दाबतो.

बायको : गाडी चालवताना फोनला हात लावला की शिकाऊंना उतरवून देते मी गाडीतून.

फौजी : तुला कोण उतरवणार? स्टँडवर लावून देतो.

बायको : आणि पत्ता कुठला टाकणार?

फौजी : काहीतरी टाकावा लागेल.

बायको : आपला नको.

फौजी : गिरणीमागचा टाकतो.

(गाडी भुयारी रस्त्याच्या तोंडाशी थांबते. फौजी उतरतो. पुढचं बोलणं दोघांच्या स्वतःच्या फोनवर. गाडी आत गेली की ते तुटतं, बाहेर आली की पुन्हा लागतं.)

बायको : आले बाहेर. दाबलं होतं मी बरोबर मध्ये. लिहिलंय, 'दुसरी गाडी निघाली आहे.'

फौजी : माझ्यावर आलंय, 'ही फेरी तुमची.' म्हणजे बरोबर आहे.

बायको : म्हणजे वाईट.

फौजी : हो, वाईट. वळून ये परत.

बायको : या वेळी माझ्यावर, 'ही फेरी तुमची'.

फौजी : माझ्यावर, 'दुसरी गाडी निघाली'. बरोबर. परत ये.

बायको : अहो, तो चौकातला पोलीस बघायला लागलाय माझ्याकडे. ड्रायव्हिंग स्कूलची बाई स्वतःच रस्ता चुकली असं वाटत असेल त्याला.

फौजी : बघू दे. काय आलं?

बायको : बरोबरच आलं मेलं.

फौजी : छे! सगळं कसं शहाण्यासारखं चाललंय आज. जाऊ दे, सोड. चष्मेवाला करेल सही. ये तू, मला ऑफिसला सोड आणि जा.

बायको : असं कसं सोड? त्या दिवशी तुम्ही अँब्युलन्समध्ये बसला होतात, तेव्हा काय वेगळं होतं? आठवा नीट.

फौजी : काही नाही. हीच वेळ, हाच रस्ता. आमच्या पुढे एक ट्रक होता, विटा भरलेला. तो चढावर अडकला होता.

बायको : मग तुम्ही आत थांबून होतात?

फौजी : बराच वेळ. ड्रायव्हर शिव्या घालत होता त्याला.

बायको : आणि मी सुसाट जातेय! अहो, आतमध्ये थांबायला हवं मला. गाडी बंद पाडते.

फौजी : भर रस्त्यात? मागचे लोक खाऊन टाकतील तुला.

बायको : इतकी वर्षं शिकाऊ लोक माझी गाडी बंद पाडताहेत, मला कधी संधी मिळाली नाही. टाका ती फेरी. निघाले मी.

फौजी : अगं, सांभाळून! गेली का लाईन? हॅलो?

बायको : हॅलो, आले! काय हॉर्न वाजवले हो लोकांनी, काय एकेक शब्द! त्यात एक माझाच जुना विद्यार्थी होता, ओळख न दाखवता शिव्या देऊन गेला.

फौजी : ते राहू दे. फोनवर काय आहे?

बायको : चक्र फिरतंय अजून. थांबा. तुमच्यावर काय आलंय, ते सांगा आधी.

फौजी : मघाशी 'ही फेरी तुमची' होतं. आता बदललं. 'दुसरी गाडी निघाली आहे.'

बायको : थांबा, माझंही चक्र थांबलं.

फौजी : बोल ना! तुझ्यावर काय आलं?

बायको : माझ्यावरही तेच आलंय.

फौजी : हात लावू नकोस. कशालाही हात लावू नकोस. तुझ्या फोनने त्याचा फोटो काढ. वरची वेळ दिसली पाहिजे. माझ्याकडचा मी काढतोय. चष्मेवाल्याला पाठवतो आधी, मग मॅडमना.

बायको : काढला. अहो.

फौजी : काय?

बायको : तो गिरणीमागचा पत्ता टाकलात ना तुम्ही. त्या घराकडे आत्ता कोण निघालंय?

फौजी : कोणीच नाही.